वाचकांचे प्रश्न : वाटीखालची वेलची

गेल्या अंकात टीव्हीवरच्या बक्षिसांच्या खेळांबद्दल मी सहज दोन ओळी खरडल्या, तर संपादकांनी या वेळी पत्रांची पिशवीच घरी पाठवली. पिशवी म्हणजे खरोखरच पिशवी, तळाला साखर सांडलेली. आमच्या ह्यांनी ती सोफ्यावर उपडी केली आणि विचारलं, "आता स्वयंपाक कोण करणार?" नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते, की मी कऱ्हाडच्या एका शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवलं. १९८५ साली दूरदर्शनवर सिद्धार्थ बसूंचा 'क्विझ टाइम' सुरू झाला, तेव्हापासून असे प्रश्न एका लांब वहीत टिपत आले. सध्या पाचवी वही चालू आहे.

आधी माझी चूक. 'बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट' नव्वदच्या दशकात झी टीव्हीवर सुरू झाली, असं मी लिहून बसले होते. दादरच्या एका आजोबांनी पोस्टकार्डावर बारीक अक्षरात झाडलंय : "बाई, तुमच्या टीव्हीच्या कितीतरी आधी आम्ही ती रेडिओवर ऐकत होतो." अगदी बरोबर. स्पर्धा १९७२ची. आधी हमीद सयानी प्रश्न विचारत, १९७५ साली ते गेल्यावर धाकटे बंधू अमीन सयानी यांनी ती सांभाळली. टीव्हीवर डेरेक ओब्रायन आले ते फार नंतर, आणि तेच पुढे राज्यसभेत गेले. आजोबा, वहीत लाल शाईनं दुरुस्ती केली आहे.

हर्षवर्धन नवाथेंना कोटीचा प्रश्न कोणता आला होता? आमच्याकडे दोघांची दोन उत्तरं आहेत. (चिपळूण)

'कौन बनेगा करोडपती' सुरू झालं ३ जुलै २००० रोजी, आणि त्याच वर्षी मुंबईचे नवाथे पहिले करोडपती झाले. प्रश्न साधारण असा होता, की राज्यघटनेनुसार यांपैकी कोणाला संसदेच्या कामकाजात भाग घेता येतो? उत्तर : ॲटर्नी जनरल, म्हणजे आपले महान्यायवादी. घटनेचं ८८वं कलम. त्यांना सभागृहात बोलता येतं, मत देता येत नाही. पर्यायांत सॉलिसिटर जनरलही होते आणि खरा सापळा तोच. दुसऱ्या दिवशी आमच्या स्टाफरूममध्ये नागरिकशास्त्राचे सर त्यातच अडकले होते. त्यांचं नाव लिहीत नाही, कारण ते हे सदर वाचतात.

नवाथे तेव्हा यूपीएससीची तयारी करत होते, म्हणजे घटना ताजी होती. माझ्या शाळेतली मुलं म्हणायची, "नशीब, बाई." मी म्हणायचे, नशीब खरंच, पण कलम ८८पर्यंत वाचलेल्या माणसाचं.

एक कोटी जिंकले तर हातात किती पडतात? सून म्हणते पूर्ण, मुलगा म्हणतो निम्मे. (इचलकरंजी)

दोघंही चुकले. आजचा हिशेब मांडते. अशा बक्षिसावर सरळ ३० टक्के कर. इथे मूळ सूट नाही, विम्याच्या हप्त्याची वजावट नाही, काही नाही. म्हणजे ३० लाख. उत्पन्न पन्नास लाखांच्या वर गेलं म्हणून त्या करावर १० टक्के अधिभार, ३ लाख. या ३३ लाखांवर ४ टक्के उपकर, १ लाख ३२ हजार. एकूण ३४ लाख ३२ हजार गेले, ६५ लाख ६८ हजार राहिले. पगार, भाडं, व्याज मिळून वर्षाचं उत्पन्न कोटीच्या पुढे सरकलं, तर अधिभाराचा दर १५ टक्के होतो आणि आणखी थोडे जातात.

यातली गंमत पैशांत नाही, वस्तूंत आहे. कोणाला गाडी लागली तर ती हातात देण्याआधी तिच्यावरचा कर भरला गेलाय, हे आयोजकांना बघावं लागतं. गाडीचा चतकोर कापून तर सरकारला देता येत नाही! म्हणून कधी कधी जिंकणाऱ्यालाच आधी खिशात हात घालावा लागतो. सुनेला सांगा, गाडीपेक्षा रोख बरी.

अमरावतीकडच्या खिचडी शिजवणाऱ्या ताईंबद्दल लिहा ना. (दर्यापूर)

बबिता ताडे, अंजनगाव सुर्जी. २०१९ साली हिंदी कार्यक्रमात एक कोटी. शाळेत पोषण आहाराची खिचडी करायच्या, मानधन महिन्याला दीड हजार रुपये. कोटीचा प्रश्न होता १८५७च्या उठावावर : 'दास्तान-ए-गदर' हा आँखों देखा वृत्तान्त बहादुरशहा जफरच्या दरबारातल्या कोणत्या शायरानं लिहिला? जहीर देहलवी. मी स्वतः अडखळले असते. सात कोटींच्या प्रश्नाला मात्र त्यांनी उत्तर न देता खेळ सोडला. बाहेर कधी पडायचं हे कळणं हीसुद्धा खेळाचीच एक पायरी आहे आणि तिला कोणी टाळ्या वाजवत नाही.

लग्नानंतर अमेरिकेत आले. इथे घरात रोज संध्याकाळी 'जेपर्डी' लावतात. उत्तर आधी आणि प्रश्न नंतर, हा उलटा कारभार कोणी काढला? (न्यू जर्सी)

बायकोनं काढला. कार्यक्रमाचा कर्ता मर्व्ह ग्रिफिन, आणि कल्पना त्याची बायको जुलॅन हिची. दोघं विमानातून चालले होते. त्याला प्रश्नोत्तरांचा कार्यक्रम करायचा होता, पण तेव्हा अमेरिकेत अशा कार्यक्रमांचं नाव फार खराब झालं होतं. का, ते पुढच्या पत्रात येतंय. स्पर्धकांना आधीच उत्तरं पुरवायचे म्हणून बोंब झाली होती ना? मग सगळ्यांदेखत उत्तरंच देऊन टाकू, असा तिचा मुद्दा. तिनं म्हटलं, "५,२८०." त्यानं म्हटलं, "एका मैलात किती फूट?" खेळ तयार. ३० मार्च १९६४ला पहिला भाग लागला.

विचार करायला देतात त्या तीस सेकंदांचं संगीत तुमच्या डोक्यात अडकलं असेलच. तेही ग्रिफिनचंच, मुळात लेकासाठी केलेली अंगाई.

ही युक्ती मी सातवीच्या वर्गात चोरून वापरली आहे. फळ्यावर नुसतं '३६' लिहायचं आणि म्हणायचं, याचा प्रश्न सांगा. कोणी सहाचा वर्ग म्हणतो, कोणी एक ते आठची बेरीज. एका पोरानं सांगितलं होतं, "बाई, आपल्या जिल्ह्यांची जुनी संख्या." पूर्वी महाराष्ट्राचे ३६ जिल्हे नव्हते बाळा, आज आहेत, असं म्हणून मी त्याला निम्मे गुण दिले. आता वाटतं, पूर्ण द्यायला हवे होते.

हे कार्यक्रम आधीच ठरलेले असतात का? खरं सांगा. (सोलापूर)

सगळ्यांचं मला कसं माहीत असणार? सिद्ध झालेल्या तीन गोष्टी सांगते. त्या तीन वेगवेगळ्या जातीच्या आहेत.

पहिली, अमेरिकेतली. १९५६ साली 'ट्वेंटी-वन' नावाच्या कार्यक्रमात हर्ब स्टेम्पेल आठवडेच्या आठवडे जिंकत होता. प्रेक्षक कंटाळले, तसं निर्मात्यांनी त्याला हरायला सांगितलं. १९५५चा सर्वोत्तम चित्रपटाचा ऑस्कर कोणाला, या प्रश्नाचं उत्तर होतं 'मार्टी'. त्याचा तो आवडता चित्रपट, तीनदा पाहिलेला. आणि त्यानं ठरल्याप्रमाणे दुसरंच नाव सांगायचं! सांगितलं. त्याच्या जागी आला कोलंबिया विद्यापीठातला देखणा प्राध्यापक चार्ल्स व्हॅन डोरेन. त्यालाही उत्तरं आधी मिळत होती, तशी कबुली त्यानं १९५९मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे दिली. मग १९६० साली असे बनाव बेकायदा ठरवणारी दुरुस्ती तिथल्या कायद्यात झाली. ही यजमानांची लबाडी.

दुसरी, इंग्लंडमधली, २००१ची. 'करोडपती'ची आई म्हणजे 'हू वाँट्स टू बी अ मिल्यनेअर?'. चार्ल्स इन्ग्रॅम नावाचा लष्करातला मेजर दहा लाख पौंडांपर्यंत पोचला. तो पर्याय मोठ्यानं वाचायचा आणि बरोबर पर्यायाला कोणीतरी खोकायचं. शेवटचा प्रश्न : एकावर शंभर शून्यं म्हणजे काय? उत्तर, 'गूगॉल'. गूगल कंपनीचं नाव त्याच्यावरूनच पडलं. पैसे हातात पडायच्या आधीच गोष्ट फुटली आणि २००३मध्ये मेजर, त्याची बायको आणि खोकणारा, तिघंही दोषी ठरले. ही पाहुण्यांची लबाडी.

तिसरी माझी लाडकी आहे, म्हणून जरा पसरून सांगते. मायकेल लार्सन, ओहायो राज्यातला, आईस्क्रीमची गाडी चालवणारा. 'प्रेस युअर लक' नावाच्या खेळात अठरा चौकोनांचा एक फलक असे. त्यावर दिवा भराभर इकडून तिकडे पळायचा, बटण दाबलं की थांबायचा. पैशांवर थांबला तर पैसे, 'व्हॅमी' नावाच्या भुतावर थांबला तर जमवलेलं सगळं शून्य. बघणाऱ्याला वाटावं, दिवा मन मानेल तसा पळतोय. लार्सननं घरी व्हिडिओवर भाग रेकॉर्ड केले आणि एकेक चित्र थांबवून पाहत बसला. त्याच्या लक्षात आलं, की दिवा पळण्याच्या फक्त पाचच ठरलेल्या चाली आहेत. शिवाय दोन चौकोन असे, की तिथे भूत कधीच येत नाही, उलट पैसे आणि वर आणखी एक डाव मिळतो. त्यानं पाचही चाली पाठ केल्या. आपण पाढे करतो तशा.

मे १९८४मध्ये तो लॉस एंजेलिसला जाऊन खेळायला बसला. पहिल्याच डावात भूत! पण पुढे हात बसला आणि चाळिसाहून जास्त वेळा त्यानं दिवा हवा तिथे थांबवला. डाव संपेचना. अर्ध्या तासाच्या कार्यक्रमाचे त्यांना दोन भाग करावे लागले. रोख आणि वस्तू मिळून १,१०,२३७ डॉलर. वाहिनीवाले पैसे द्यायला कां-कूं करत होते, नियमांचं पुस्तक चाळत बसले. पण फलक लक्ष देऊन बघू नये असा नियम कुठेच लिहिलेला नव्हता. दिले पैसे. मग गुपचूप फलकाच्या चाली वाढवल्या.

ही लबाडी म्हणायची का? आमचे हे म्हणतात, हो. मी म्हणते, हा माझ्या वर्गात असता तर मी त्याला पहिल्या बाकावर बसवला असता. पुढे मात्र त्याचं भलं झालं नाही. रेडिओवर एका ठरावीक क्रमांकाच्या डॉलरच्या नोटेला बक्षीस होतं, म्हणून यानं हजारो डॉलर एकेकाच्या नोटांत काढून घरी ठेवले. एका रात्री ख्रिसमसच्या पार्टीला गेला असताना घर फुटलं. दिव्याच्या चाली पाठ करणाऱ्याला कडी-कुलूप सुचलं नाही.

'होम मिनिस्टर' कधी सुरू झालं? पैज लागली आहे. (वाई)

२००४. वाहिनीचं नाव तेव्हा अल्फा मराठी होतं, झी मराठी व्हायचं होतं. बहुतेक पैज तिथेच अडली असणार. आदेश बांदेकर भावोजी. २०२२मध्ये 'महामिनिस्टर'साठी अकरा लाखांची पैठणी ठेवली होती, हेही विचाराल म्हणून सांगून टाकते. ती नेसून भांडी घासायची कशी, हा आमच्या शेजारणीचा प्रश्न. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही.

'खुल जा सिम सिम'मध्ये दार बदलायचं की नाही? मुलगा इंजिनीअर आहे, बदल म्हणतो. मला पटत नाही. एक दार उघडल्यावर उरली दोन, म्हणजे निम्मी-निम्मी संधी ना? (नाशिक)

अहो, या पत्रासाठी मी इतका वेळ थांबले होते.

'खुल जा सिम सिम' २००१च्या सुमारास स्टार प्लसवर लागायचं, अमन वर्मा सादर करायचे. मूळ अमेरिकेतलं, १९६३चं 'लेट्स मेक अ डील', सूत्रधार माँटी हॉल. त्याच्याच नावानं हे कोडं प्रसिद्ध आहे. तीन दारं, एकामागे गाडी, दोहोंमागे बकऱ्या. तुम्ही एक दार निवडता. सूत्रधाराला गाडी कुठे आहे ते ठाऊक असतं. तो उरलेल्या दोनांतलं बकरीचं दार उघडतो आणि विचारतो, बदलायचं का?

बदला. तुमचा मुलगा बरोबर आहे.

पटत नाही, हे साहजिक आहे. १९९० साली मॅरिलिन व्हॉस सावंत या बाईंनी अमेरिकेतल्या 'परेड' साप्ताहिकात, अगदी अशाच वाचकांच्या सदरात, हेच उत्तर दिलं. आडनाव 'सावंत' वाचून मी हुरळले होते, पण बाई तिकडच्याच, आपल्या कोकणातल्या नव्हेत. त्यांना सुमारे दहा हजार पत्रं आली. हजारेक पत्रं पीएच.डी.वाल्यांची, आणि बहुतेकांचं म्हणणं एकच, की बाई, तुम्ही चुकलात. पॉल एर्दोशसारख्या थोर गणितज्ञालासुद्धा संगणकावर खेळ पुन्हा पुन्हा खेळून दाखवेपर्यंत पटलं नव्हतं म्हणतात. तेव्हा तुम्ही चांगल्या पंगतीत बसला आहात.

आमच्याकडे हेही मानत नव्हते. म्हणून स्वयंपाकघरातून तीन एकसारख्या स्टीलच्या वाट्या आणि एक वेलची आणली. वाट्या ओट्यावर पालथ्या. मी वेलची लपवायची, ह्यांनी एका वाटीवर बोट ठेवायचं, मग मी बाकीच्या दोनांतली रिकामी वाटी उचलायची. तीस डाव ह्यांनी बोट हलवलंच नाही, नऊ वेळा वेलची मिळाली. पुढचे तीस डाव दर वेळी बदललं, एकवीस वेळा मिळाली. दर वेळी इतकं नेमकं पडत नाही, पण कल दिसतोच.

कारण असं आहे. पहिलं बोट ठेवता तेव्हा वेलची त्या वाटीखाली असण्याची शक्यता तिनांत एक. उरलेल्या दोन वाट्यांत मिळून तिनांत दोन. आता त्या दोनांतली कोणती रिकामी आहे, हे मी तुम्हाला फुकट सांगतेय. ती तिनांत दोनची सगळी शक्यता उरलेल्या एकाच वाटीखाली जाऊन बसते. बोटाखालच्या वाटीबद्दल मी काहीच नवीन सांगितलेलं नाही, कारण त्या दोनांत एक तरी रिकामी असणार हे आधीपासून ठरलेलंच होतं.

आता तुमचं "निम्मी-निम्मी" कुठे खरं ठरतं तेही सांगते, म्हणजे तुम्ही मुलाला गप्प करू शकाल. समजा वाटी मी उचलली नाही. नात पळत आली, तिला वेलची कुठे आहे याचा पत्ता नाही, तिनं उरलेल्या दोनांतली एक उगाच उचलली आणि योगायोगानं ती रिकामी निघाली. तर मात्र खरोखरच निम्मी-निम्मी संधी! वाट्या त्याच, वेलची तीच, ओटाही तोच. उचलणाऱ्याला माहीत होतं की नाही, एवढाच फरक.

आणि खुद्द माँटी हॉल? १९९१ साली बेव्हर्ली हिल्समधल्या आपल्या घरी त्यानं 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या बातमीदाराबरोबर हा खेळ खेळून दाखवला. बातमीदारानं बकरीचं दार निवडलं की हा लगेच ते उघडून मोकळा. गाडीचं निवडलं की मग आग्रह, "बदलतोस का? हे घे पैसे, बदल." बिचारा बदलायचा आणि हरायचा. दर वेळी दार उघडलंच पाहिजे आणि बदलायला दिलंच पाहिजे, असं बंधन सूत्रधारावर नसेल तर माझं वरचं सगळं गणित कोलमडतं. त्यामुळे टीव्हीवरचा गोड बोलणारा माणूस स्वतःहून "बदला ना" म्हणायला लागला, तर आधी नियमांचा कागद मागा. तुमच्या मुलानं तो मागितला होता का, विचारून बघा.

फोन करायची सोय असते, तेव्हा कोणाचा नंबर द्यावा? (कोल्हापूर)

पहिल्या रिंगला उचलेल त्याचा. विद्वान नंतर. अमेरिकेच्या 'मिल्यनेअर'मध्ये १९९९ साली जॉन कार्पेंटरनं शेवटच्या प्रश्नाला वडिलांना फोन लावला आणि सांगितलं, मदत नको बाबा, उत्तर येतंय मला, मी दहा लाख डॉलर जिंकतोय एवढंच कळवायचं होतं. आमच्या घरी माझा फोन ह्यांनी पहिल्या रिंगला उचलल्याची नोंद कुठल्याच वहीत नाही.

आता माझा प्रश्न, पुढच्या अंकासाठी. चार वाट्या, एक वेलची. तुम्ही एकीवर बोट ठेवलंत. मला वेलची कुठे आहे ते माहीत आहे आणि बाकीच्या तिघींतली एक रिकामी वाटी मी उचलली, दर डावाला उचलतेच. आता बोट तिथेच ठेवलंत तर संधी किती, आणि उरलेल्या दोनांतल्या एकीवर हलवलंत तर किती? नुसतं उत्तर नको. किती डाव खेळलात आणि समोर कोण बसलं होतं, तेही लिहा. वेलची शेवटी चहात टाकली तरी चालेल.